मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात माझी गाडी वाहन-तपासणीत नापास झाली. जर्मनीत नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी करून घ्यावी लागते. तिचे अधिकृत नाव वेगळे असले तरी बोलताना सगळे तिला ‘ट्यूफ’ असेच म्हणतात. माझी गाडी २०११ सालची, सहाव्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ आहे. तपासनिसाने तिची मागची चाके जमिनीतल्या फिरत्या रोलरवर आणली आणि ब्रेक हळूहळू दाबला, तेव्हा भिंतीवरच्या दोन काट्यांपैकी उजव्या चाकाचा काटा १७० डेकान्यूटनपर्यंत (हे ब्रेकबलाचे माप) गेला आणि डाव्या चाकाचा ९० च्या आसपास थांबला. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमांनुसार एका चाकाचे ब्रेकबल त्याच अ‍ॅक्सलवरच्या दुसऱ्या चाकाच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरले तर तो दोष धरला जातो. माझ्या गाडीचे ते जेमतेम ५३ टक्के होते. दुरुस्ती करून फेरतपासणीला येण्यासाठी एक महिन्याची मुदत मिळाली.

मला त्या वेळी याचे मनापासून आश्चर्य वाटले, कारण पेडलला पाय लावल्यावर काहीही वावगे जाणवत नव्हते. गाडी सरळ थांबत होती, आवाज नव्हता, डॅशबोर्डवर दिवा नव्हता. शिवाय माझे गाडी चालवणे फार कमी आहे. मी श्टुटगार्टमध्ये राहतो आणि कामावर रोज लोकल रेल्वेने जातो, त्यामुळे गाडी आठवड्यातून एकदा, कधी दोन आठवड्यांतून एकदा बाहेर निघते. ज्या गाडीचा ब्रेक कमी वापरला जातो तिचे ब्रेक जास्त टिकणार, असा माझा समज होता. तो समज पॅडच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांच्या, जाडीपुरता खरा आहे, पण ब्रेकच्या बाकी सर्व भागांच्या बाबतीत चुकीचा आहे, हे मला त्या एका महिन्यात नीट कळले.

गाडी थांबवताना तिचे वजन पुढे झुकते आणि बहुतांश काम पुढचे ब्रेक करतात. मागच्या पॅडना डिस्कवर हलकासाच दाब मिळतो. शहरात सौम्यपणे चालवलेल्या गाडीत तर हा दाब इतका कमी असतो की, डिस्कवर साचलेला गंज पुसून काढण्याइतकेही घर्षण होत नाही. त्यात इथल्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जाते. मिठाचे पाणी चाकाच्या आतल्या बाजूला उडते, गाडी आठवडाभर उभी राहते, आणि कास्ट आयर्नच्या डिस्कवर, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या ब्रॅकेटवर (आधाराच्या चौकटीवर), पॅड ज्या खाचेत सरकते त्या खाचेत गंज धरू लागतो. खाचेतला गंज फुगतो आणि पॅडचे दोन्ही कान त्यात आवळले जातात. मग पेडल दाबल्यावर पॅड पूर्ण पुढे येत नाही आणि पाय उचलल्यावर पूर्ण मागेही जात नाही.

इथे तासाच्या भाड्याने लिफ्ट आणि हत्यारे देणाऱ्या कार्यशाळा असतात. फार चांगली सोय आहे ही, आणि पुण्या-मुंबईत अशा जागा निघाल्या तर अनेकांना आपली गाडी आतून समजेल असे मला नेहमी वाटते. तिथे चाक उतरवल्यावर डाव्या बाजूची गोष्ट उघड झाली. बाहेरचे पॅड ब्रॅकेटमध्ये इतके घट्ट बसले होते की ते हातोडीने ठोकून काढावे लागले. कॅलिपर ज्या दोन पिनांवर डावी-उजवीकडे सरकतो त्यांपैकी एका पिनेचा रबरी बूट फाटलेला होता, आतले ग्रीस वाळून गेले होते आणि पिन हाताने हलत नव्हती. डिस्कची बाहेरची बाजू बऱ्यापैकी चकचकीत होती, परंतु आतल्या बाजूला, जी चाकाच्या आरांमधून कधीच दिसत नाही, निम्म्याहून अधिक रुंदीवर खडबडीत तपकिरी थर होता आणि पॅड फक्त मधल्या बोटभर पट्ट्यावर टेकत होते. ब्रेक पाहायचा तर चाक काढून, आरसा आणि टॉर्च घेऊन आतली बाजू पाहायला हवी. बाहेरून दिसणाऱ्या डिस्कवर विश्वास ठेवून मी दोन हिवाळे काढले होते.

त्यानंतरचे काम मी एका अनुभवी मित्राच्या देखरेखीखाली केले, आणि ब्रेकच्या कामात नवख्या माणसाने एकट्याने हात घालू नये हे मला इथे स्पष्ट लिहायचे आहे. ब्रॅकेट तारेच्या ब्रशने आणि कानशीने मूळ धातूपर्यंत साफ केला, पिना आणि बूट नवे घातले, पिनांना रबराला न खाणारे सिलिकॉन ग्रीस लावले, आणि दोन्ही बाजूंच्या डिस्क व पॅड बदलले. पॅड आणि डिस्क नेहमी एका अ‍ॅक्सलवरच्या दोन्ही चाकांचे एकत्रच बदलायचे असतात, नाहीतर आपणच डाव्या-उजव्यात फरक तयार करून ठेवतो.

मागच्या कॅलिपरमध्ये एक खुबी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने अनेक कॅलिपर निकामी होतात. माझ्या गाडीत हँडब्रेकची केबल त्याच कॅलिपरला जोडलेली आहे आणि पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनच्या आत पॅडच्या झिजेप्रमाणे आपोआप पुढे सरकणारी आट्यांची यंत्रणा आहे. नवे, जाड पॅड बसवण्यासाठी पिस्टन आत घालायचा तर तो दाबता दाबता फिरवावा लागतो. पुढच्या चाकाचा पिस्टन साध्या क्लॅम्पने सरळ आत ढकलता येतो, म्हणून काही मेकॅनिक मागचाही तसाच ढकलतात आणि आतली यंत्रणा मोडते. परिचितांपैकी एकाच्या गाडीचे असेच झाले. त्याला नवा कॅलिपर घ्यावा लागला, आणि जुना ‘आधीपासूनच खराब होता’ असे त्याला सांगण्यात आले. सातव्या पिढीच्या गोल्फपासून आणि आता बहुतेक युरोपीय गाड्यांत हँडब्रेक बटणाचा असतो. कॅलिपरवर छोटी विजेची मोटर असते. तिथे पिस्टनला हात लावण्याआधी निदान-यंत्र जोडून मोटरला देखभालीच्या स्थितीत मागे घ्यावे लागते. ज्या गॅरेजकडे ते यंत्र नाही त्यांच्याकडे अशा गाडीचे मागचे पॅड बदलायला देऊ नयेत.

डिस्कविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या अनेकांचा युरोपीय गाडीवरचा पहिला राग डिस्कच्या बिलावरून येतो. पॅडबरोबर डिस्कही बदलायला सांगितल्या की, गॅरेजवाला फसवतो आहे असे वाटते. कधी ते खरेही असते. पण या गाड्यांची रचनाच अशी आहे की डिस्कदेखील झिजणारा भाग मानली जाते. जर्मन महामार्गाच्या काही भागांवर वेगमर्यादा नाही, आणि तिथल्या वेगात दर वेळी खात्रीने थांबण्यासाठी जे पॅड बनवले जातात ते डिस्कलाही घासतात. रिमवर बसणारी काळी भुकटी त्यातूनच येते. १४०० किलो वजनाची गाडी ताशी १३० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात सुमारे ९ लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. तेवढी उष्णता पावणेतीन लिटर थंड पाण्याला उकळी आणायला पुरेल, आणि जोराने ब्रेक मारल्यावर ती चारेक सेकंदांत चार डिस्कमध्ये उतरते. वेग १८० असेल तर ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. ही उष्णता धरून ठेवायला लोखंडाची जाडी लागते. म्हणून प्रत्येक डिस्कच्या कडेवर तिची किमान जाडी कोरलेली असते. माझ्या गाडीची पुढची डिस्क नवी असताना २५ मिलिमीटरची असते आणि २२ वर ती संपते, म्हणजे एका बाजूला जेमतेम दीड मिलिमीटर. मागची १० वर सुरू होते आणि ८ वर संपते. आपल्याकडे डिस्क लेथवर फिरवून घेण्याची पद्धत आहे. पण अर्धी झिजलेली डिस्क लेथवर लावली की ती बहुतेक वेळा किमान जाडीच्या खालीच जाते. गॅरेजवाल्याने ‘डिस्क गेल्या’ असे म्हटले की त्याला मायक्रोमीटरने जाडी मोजून दाखवायला सांगावे आणि कडेवरच्या आकड्याशी ताडून पाहावी. खरे बोलणारा माणूस आनंदाने मोजून दाखवतो.

पेडल दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले की डिस्क ‘वाकली’ असे सर्वत्र म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तर ती ज्या हबवर बसते त्याच्या तोंडावर गंजाचा एखादा पापुद्रा राहून गेलेला असतो. त्यामुळे डिस्क फिरताना किंचित डुलते, एका ठिकाणी पॅडला पुन्हा पुन्हा स्पर्श करते, तिथे असमान झिजते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. नवी डिस्क बसवण्याआधी हब चकचकीत होईपर्यंत घासायला दहा मिनिटे लागतात, आणि घाईच्या गॅरेजमध्ये नेमकी तीच दहा मिनिटे वाचवली जातात. चाकाचे बोल्टही न्यूमॅटिक गनने वाटेल तसे आवळू नयेत. माझ्या गाडीला ते १२० न्यूटन-मीटरवर, टॉर्क पान्याने आवळायचे असतात. मागच्या कॅलिपरचे स्वतः घट्ट राहणारे बोल्ट तर दर वेळी नवेच घालायचे असतात. चांगल्या पॅडच्या खोक्यात ते सोबत येतात आणि पुष्कळदा खोक्यातच राहून जातात.

सुटे भाग घेतानाही एक अडचण येते. एकाच सालच्या, एकाच नावाच्या गाडीत इंजिनाप्रमाणे वेगवेगळ्या व्यासाच्या डिस्क असतात. गोल्फच्या या पिढीत पुढच्या डिस्क २८०, २८८ आणि ३१२ मिलिमीटर अशा तिन्ही मिळतात. कोणती बसते हे फक्त मॉडेलच्या नावावरून ठरवता येत नाही. डिकीत स्पेअर चाकाच्या खाचेजवळ आणि सर्व्हिस पुस्तिकेत एक कागदी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावरच्या तीन-तीन अक्षरी संकेतांत पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा संकेतही असतो. तो पाहून मागवले तर परत पाठवण्याची वेळ येत नाही. पॅडच्या मागच्या पत्र्यावर वर्तुळात किंवा चौकटीत ‘ई’ हे अक्षर, एक आकडा आणि ‘९०आर’ अशी खूण आहे की नाही हेही मी पाहतो. ही खूण संयुक्त राष्ट्रांच्या ९० क्रमांकाच्या नियमाची आहे. त्यानुसार बदली पॅडची थांबवण्याची क्षमता मूळ पॅडपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक कमी किंवा जास्त असता कामा नये. ‘ई’ पुढचा आकडा कोणत्या देशाने मान्यता दिली ते सांगतो: १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, ११ म्हणजे ब्रिटन. स्वस्त पॅडच्या पाठीवर ही खूण नसेल तर ते मी घेत नाही, मग ते कितीही सुबक खोक्यात आलेले असो.

आता ब्रेक ऑइल, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा द्रव. याविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते, आणि त्याला कारण कोल्हापूरचे आहे. माझ्या थोरल्या भावाकडे चाकणच्या कारखान्यात बनलेली पोलो आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. गेल्या पावसाळ्याआधी तो घरच्यांना घेऊन गगनबावड्यावरून करूळ घाटाने कोकणात उतरत होता. पुढे मालाने भरलेला ट्रक होता, त्याच्यामागे पेडलवर पाय ठेवून हळूहळू उतरणे चालू होते, आणि निम्म्या घाटात त्याला जाणवले की पेडल मऊ झाले आहे, पूर्वीपेक्षा बरेच खाली जाते आहे. त्याने दोन-तीनदा पेडल पंप केले, गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली, हँडब्रेक हळूहळू ओढत कडेला थांबवली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखे कडक झाले. त्याने वैभववाडीहून मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज अजून ताळ्यावर आलेला नव्हता. “आता सगळं व्यवस्थित आहे रे, मग मघाशी काय झालं होतं?” असे तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

मी त्याला विचारले, “दादा, ब्रेक ऑइल कधी बदललं होतंस?” त्याला आठवेना. पुस्तिका चाळल्यावर कळले की सात वर्षांत ते एकदाही बदललेले नव्हते. दर सर्व्हिसिंगला फक्त पातळी पाहिली गेली होती आणि पातळी ठीक होती.

ब्रेक ऑइल हे नावाला ऑइल आहे. ग्लायकॉलवर आधारलेला तो द्रव हवेतला ओलावा शोषून घेतो, रबरी नळ्यांच्या भिंतींतून आणि टाकीच्या झाकणातून. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असे मानक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर कॅलिपर तापतो, ऑइलमधले पाणी उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते, म्हणून पेडल जमिनीकडे जाते. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि सगळे पूर्ववत दिसते. म्हणूनच हा दोष गॅरेजमध्ये कधी सापडत नाही. पॅड तापून ‘फेड’ होणे वेगळे: तिथे पेडल कडकच राहते, पण गाडी थांबत नाही. घाटात यांपैकी काय झाले हे पेडलच्या स्पर्शावरून ओळखता येते, आणि प्रत्येक चालकाला हा फरक माहीत असायला हवा. उतरताना ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरावे, हे आपल्या जुन्या एसटी चालकांचे सांगणे दोन्ही संकटांवर लागू पडते.

फोक्सवॅगनच्या जर्मनीतल्या वेळापत्रकानुसार नव्या गाडीचे ब्रेक ऑइल पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी बदलायचे असते. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजचीही रीत साधारण दोन वर्षांचीच आहे. किलोमीटरचा याच्याशी संबंध नाही. कोकणाच्या दमट हवेत वावरणाऱ्या गाडीला तर मी दोन वर्षांपुढे एक दिवसही देणार नाही. प्रतीबाबतही चौकस राहावे. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत ऑइलला बारीक झडपांतून क्षणार्धात धावावे लागते, म्हणून अनेक युरोपीय उत्पादक कमी दाटपणाचे डॉट ४ मागतात; फोक्सवॅगनच्या मानकाचा क्रमांक ५०१ १४ असा आहे. डॉट ५ हे सिलिकॉनचे, पूर्णपणे वेगळे रसायन आहे आणि ते यात कधीही मिसळू नये. ऑइल बदलताना टाकी रिकामी पडू देऊ नये, कारण एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा शिरली की ती काढायला पुन्हा निदान-यंत्र लागते. आणि जुन्या गाडीत ब्लीडिंग करताना (नळ्यांतली हवा आणि जुने ऑइल काढताना) पेडल तळापर्यंत दाबू नये, कारण पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरचे सील एरवी जिथे कधी जात नाही त्या गंजलेल्या भागावर घासते आणि कापले जाते. टाकीवरून दाब देणारा पंप वापरला तर हा धोका राहत नाही.

नवे पॅड बसवल्यावर पहिले २०० ते ३०० किलोमीटर ते पूर्ण पकड घेत नाहीत. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत तसे लिहिलेले आहे. त्या काळात मी पुढच्या गाडीपासून अधिक अंतर ठेवले आणि मोकळ्या रस्त्यावर मध्यम दाबाने, मध्ये थंड होऊ देत, अनेकदा ब्रेक वापरले. आता पंधरवड्यातून एकदा मी मुद्दाम महामार्गावर जातो, मागे कोणी नाही हे पाहून दोन-तीनदा नेटाने ब्रेक दाबतो, म्हणजे मागच्या डिस्कवरचा गंज निघून जातो. पावसात किंवा मिठाच्या रस्त्यावरून आल्यावर गाडी उभी करण्याआधीच्या शेवटच्या वळणावर हलका ब्रेक धरून डिस्क कोरड्या करतो, आणि अनेक दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी, गिअरमध्ये, हँडब्रेक न ओढता ठेवतो.

विजेच्या गाड्यांत हा प्रश्न आणखी वाढतो, कारण तिथे मोटरच गाडीचा वेग कमी करते आणि डिस्कला कामच उरत नाही. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या गाड्यांना मागे पुन्हा ड्रम ब्रेक दिले ते मला मागे पडणे वाटत नाही. बंदिस्त ड्रममध्ये पाणी आणि मीठ कमी पोहोचते, आणि या उपयोगासाठी तो निर्णय योग्य आहे.

इथे ऑक्टोबरमध्ये हिवाळी टायर चढवतात आणि ईस्टरच्या सुमारास उतरवतात, त्यामुळे वर्षातून दोनदा चारही चाके निघतात. पूर्वी मी हे काम टायरच्या दुकानात देऊन मोकळा होत असे. आता स्वतः करतो आणि प्रत्येक चाकामागे पंधरा मिनिटे जास्त घालवतो. पिना हाताने सरकतात का, बूट शाबूत आहेत का, आतल्या पॅडवर किती मिलिमीटर माल आहे, रबरी नळ्या वाकवल्यावर त्यांवर भेगा दिसतात का, हे वहीत तारखेसह लिहितो. यंदाच्या मार्चच्या तपासणीत मागची चाके १७५ आणि १६८ वर आली. दादाने त्याच्या गाडीचे ऑइल बदलून घेतले तेव्हा त्याने जुन्या ऑइलचा फोटो पाठवला. मध पातळ केल्यासारखे असायचे ते काळ्या चहासारखे झाले होते. माझ्या वहीत या ईस्टरला मागच्या उजव्या नळीवर, मेटल पाइपला ती जोडली जाते तिथे, केसासारख्या दोन बारीक भेगांची नोंद आहे. दोन्ही मागच्या नळ्या मागवल्या आहेत, आणि ऑइलची दोन वर्षेही आता भरली आहेत, म्हणून दोन्ही कामे याच महिन्यात एकत्र करणार आहे.